वायदेबाजारातील पांढरपेशे

१ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये! शेअर बाजाराची नियामक संस्था जी 'सेबी', तिने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशातील व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्या लोकांनी फ्युचर्स आणि ऑप्शन्स या विभागात गमावलेली ही निव्वळ रक्कम आहे. आदल्या वर्षी हाच आकडा ७४ हजार ८१२ कोटींचा होता. व्यवहार करणाऱ्या दर शंभरांपैकी एक्क्याण्णवांना तोटा झाला आणि माणशी सरासरी तोटा १ लाख १० हजार रुपयांच्या घरात गेला. पुणे महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे साडेबारा हजार कोटींचे होते. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांसह या अवाढव्य शहराचा संसार ज्या रकमेत वर्षभर चालतो, तिच्या आठपटीहून अधिक रक्कम लोकांच्या घरांतून निघून गेली, आणि कोठे एक मोर्चा निघाला नाही की विधानसभेत एक दिवस कामकाज बंद पडले नाही. निवडणूक, महापूर आणि युद्ध यांसाठी आम्ही राखून ठेवीत असलेली पहिल्या पृष्ठावरील जागा आज या विषयाला द्यावीशी वाटली, त्याचे कारण ही शांतताच होय.

ही शांतता का आहे ते समजणे कठीण नाही. एखादी सहकारी बँक बुडाली म्हणजे ठेवीदार दारासमोर रांग लावतात. रुपी बँकेच्या ठेवीदारांची २०१३ पासूनची परवड पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तेथे दुःख सर्वांचे असते आणि दोषी दुसरा कोणी तरी असतो. वायद्याच्या व्यवहारात बुडालेला मनुष्य मात्र एकटा असतो, आणि दोष कोणाला द्यावयाचा तर तो आरशात पाहूनच द्यावा लागतो. त्यामुळे तो बोलत नाही. मित्रांना सांगत नाही, वडिलांना सांगत नाही, आणि बहुतेक वेळा पत्नीलाही सांगत नाही. पगाराच्या खात्यातून दर महिन्याला दहा-वीस हजार कोठे जातात, याचा उलगडा घरात होतो तो वैयक्तिक कर्जाचा हप्ता चुकल्यावर बँकेचा फोन येतो तेव्हा.

बुडालेले हे लोक सटोडिये असतील, त्यांची कीव कशाला करावी, असे काही वाचकांना वाटेल. ते खरे नव्हे. २०२३-२४ मध्ये या विभागात उतरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे नोंदविले होते. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. राज्यवार यादीत आपला महाराष्ट्र पहिला आहे. हा पहिला क्रमांक मिरविण्याजोगा नाही, हे सांगावयास नकोच. हिंजवडीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला अभियंता, सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेला कोथरूडचा गृहस्थ, हे या बाजाराचे आजचे गिऱ्हाईक आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना 'मुलगा पत्ते खेळत नाही ना' अशी चौकशी आपल्या पेठांतून एके काळी होत असे. त्याच्या फोनमध्ये कोणकोणती ॲप्स आहेत, ही चौकशी अजून रूढ झालेली नाही.

पुण्याला स्वतःचा शेअर बाजार होता, ही गोष्ट आता थोड्यांनाच आठवत असेल. १९८२ मध्ये स्थापन झालेला पुणे स्टॉक एक्स्चेंज राष्ट्रीय बाजाराच्या संगणकीय व्यवहारापुढे निष्प्रभ झाला आणि २०१५ मध्ये त्याचे बाजार म्हणून अस्तित्व संपले. त्या काळी शेअर घ्यावयाचा तर दलालाकडे जावे लागे, त्याला ओळख पटवावी लागे, आणि त्या दलालाने 'हा कागद तुमच्या कामाचा नाही' असे सांगण्याची निदान शक्यता तरी होती. आता बाजार नाही आणि तो दलालही नाही. सबंध बाजार प्रत्येकाच्या खिशात आला आहे, आणि 'हे तुमच्या कामाचे नाही' असे सांगणारा त्यात कोणी नाही.

वायदा ही वस्तुतः वाईट गोष्ट नव्हे. उद्याच्या व्यवहाराचा भाव आज बांधून ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. लातूरचा शेतकरी जूनमध्ये सोयाबीन पेरतो आणि ऑक्टोबरमध्ये ते बाजारात आणतो. मधल्या चार महिन्यांत भाव कोसळला तर तो बुडाला. त्याने किंवा त्याच्या उत्पादक कंपनीने ऑक्टोबरचा भाव जूनमध्येच बांधून घेतला तर ती धास्ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. भोसरीचा कारखानदार अमेरिकेला माल पाठवितो, पैसे तीन महिन्यांनी डॉलरमध्ये येणार असतात. तोही डॉलरचा भाव असाच बांधून घेतो. ऑप्शन त्याहून एक पाऊल पुढे. त्यात व्यवहार करण्याचा हक्क मिळतो, बंधन मिळत नाही, आणि त्या हक्काबद्दल प्रीमियम मोजावा लागतो. ज्याच्यापाशी वीस लाखांचे शेअर आहेत त्याने बाजार पडण्याच्या भीतीने 'पुट' घेतला, तर त्याने विमाच उतरविला म्हणावयाचा. परंतु विमा उतरविण्यास मुळात काही तरी मालमत्ता असावी लागते. ज्याला घरच नाही त्याने शेजारच्या घराच्या आगीवर पैसे लावले, तर त्याला विमा म्हणत नाहीत, पैज म्हणतात.

आणि येथेच आपल्या धोरणातील एक विलक्षण विसंगती दृष्टीस पडते. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मूग इत्यादी सात शेतमालांचे वायदे सरकारने महागाईच्या भीतीने बंद केले. एका वर्षासाठी म्हणून घातलेली ही बंदी पुढे मार्च २०२६ पर्यंत लांबविण्यात आली. म्हणजे ज्याच्या शेतात खरोखरीचे पीक उभे होते त्याचा वायदा बंद. आणि ज्याच्यापाशी पगाराच्या चिठ्ठीखेरीज काहीही नाही, त्याला मात्र निर्देशांकावर दर आठवड्याला पैसे लावण्याची मुभा! नोव्हेंबर २०२४ पर्यंत तर सोमवार ते शुक्रवार कोठल्या ना कोठल्या निर्देशांकाची मुदत रोज संपत असे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडा लावणाऱ्या मुंबईच्या कामगाराला आपण जुगारी म्हटले आणि त्याच्यामागे पोलीस लावले. त्याला त्या आकड्याचा निकाल कळावयास निदान रात्रीची वाट पाहावी लागे.

मुंबई इलाख्याला या रोगाचा पूर्वानुभव नाही असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत शेअरांचे जे वेड माजले, त्याचा कडेलोट एका वायद्याच्या दिवसानेच झाला. १ जुलै १८६५ या दिवशी मुदतीच्या सौद्यांचे हिशेब मिटवावयाचे होते. युद्ध एप्रिलमध्येच संपले होते, कापूस कोसळला होता, आणि देणेकऱ्यांपाशी देण्यास काही उरले नव्हते. पाच हजार रुपये भरलेला 'बॅक बे' कंपनीचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता. तो दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांचा शेअर अखेर ८७ रुपयांना विकला गेला. स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ मध्ये समिती नेमली गेली, तिच्या कामातून १९५६ चा रोखे करार (नियमन) कायदा आला, आणि त्यात 'तेजी-मंदी'चे, म्हणजेच आज ज्याला आपण ऑप्शन्स म्हणतो त्याचे, सौदे सरळ बेकायदा ठरविले गेले. १९६९ मध्ये शेअरांच्या वायद्यांवरही बंदी आली. बंदीने सट्टा थांबला काय? नाही. तो 'बदला' या नावाने आडवाटेने चालूच राहिला. ऑप्शन्सवरील बंदी १९९५ मध्ये उठली, जून २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स आले, २००१ मध्ये ऑप्शन्स आले आणि त्याच वर्षी बदला बंद झाला. सांगावयाचा मुद्दा हा की, जे हत्यार आपल्या कायद्याने जवळजवळ चाळीस वर्षे कुलपात ठेवले होते, ते आता पंचवीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचले आहे.

हे हत्यार चालविण्याच्या ज्या युक्त्या आज शिकविल्या जातात, त्यांच्याकडे आता वळू. त्या सर्व खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्या कोणासाठी खऱ्या आहेत, हाच प्रश्न आहे.

नवखा मनुष्य प्रथम ऑप्शन विकत घेतो, कारण ते स्वस्त दिसते. समजा, निर्देशांक २५,००० वर आहे आणि त्याने २५,१०० चा 'कॉल' ६० रुपये प्रीमियम देऊन घेतला. गठ्ठा म्हणजे लॉट ७५ चा असेल तर त्याचे ४,५०० रुपये गेले. जास्तीत जास्त नुकसान तेवढेच, हे खरे. परंतु मुदतीच्या दिवशी निर्देशांक २५,१६० च्या वर बंद झाला तरच त्याला फायदा. बाजार वर जाईल हा त्याचा अंदाज बरोबर ठरला आणि बाजार दीडशे अंशांनी चढलाही, तरी त्याचा तोटाच! त्याला एक नव्हे, तीन गोष्टी अचूक सांगाव्या लागतात: दिशा, अंतर आणि वेळ. त्यांपैकी वेळ तर रोज त्याच्या विरुद्धच धावत असते. उन्हात ठेवलेल्या बर्फाप्रमाणे प्रीमियम विरघळत जातो आणि मुदतीच्या दिवशी तर तासातासाने विरघळतो. निवडणुकीचा निकाल किंवा अर्थसंकल्प जवळ आला की अनिश्चितेपोटी प्रीमियम फुगतात. दुसऱ्या दिवशी बाजार अपेक्षेप्रमाणे हलला तरी फुगा फुटलेला असतो आणि घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मुदतीच्या दिवशी दुपारी दोन-तीन रुपयांना मिळणारे ऑप्शन घेऊन त्याचे पन्नास रुपये होण्याची वाट पाहणे, या प्रकाराला तरुण मंडळीत 'झिरो टू हीरो' म्हणतात. बहुतेक दिवशी तो झिरोपाशीच संपतो.

काही महिने असे मार खाल्ल्यावर त्याला 'खरे' रहस्य सांगितले जाते. घेणारे हरतात तर मग विकणारे जिंकत असले पाहिजेत. तेव्हा तू ऑप्शन विक, प्रीमियम खिशात टाक आणि दर आठवड्याला पगारासारखे उत्पन्न मिळव. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. विकणारा दहांपैकी आठ-नऊ वेळा जिंकतो. मात्र त्याचा नफा प्रीमियमपुरता बांधलेला असतो आणि तोट्याला तळ नसतो. निक लीसन या तरुणाने जपानच्या निक्केई निर्देशांकावर असेच ऑप्शन्स विकले होते. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात भूकंप झाला, बाजार कोसळला, आणि तोटा भरून काढण्यासाठी त्याने फ्युचर्सची खरेदी वाढवीत नेली. फेब्रुवारीअखेर दोन शतकांहून जुनी बेअरिंग्ज बँक बुडाली होती. इतके दूर कशाला जावयाचे? ३ जून २०२४ रोजी निवडणुकीच्या मतदानोत्तर अंदाजांवर निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढला आणि दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी, १,३७९ अंशांनी म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी पडला. २३ मार्च २०२० रोजी तो एका दिवसात तेरा टक्के पडला होता. पुट विकून 'दर आठवड्याचा पगार' घेणाऱ्यांची वर्षाची कमाई अशा एका सकाळी जाते. आणि विकण्यासाठी मार्जिन म्हणून पुष्कळांनी घरातील म्युच्युअल फंड किंवा शेअर गहाण टाकलेले असतात. म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी साठविलेली पुंजी खेळात आपण आणली आहे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

याला एक प्रामाणिक उपाय आहे. जे ऑप्शन विकावयाचे त्याच्यापलीकडचे दुसरे त्याच वेळी विकत घ्यावे, म्हणजे तोट्याला तळ येतो. जाणते लोक याला 'स्प्रेड' म्हणतात आणि आमच्या समजुतीप्रमाणे ज्याला या बाजारात राहावयाचेच आहे त्याने याखेरीज कधीही ऑप्शन विकू नये. मात्र तळ आला की नफाही आखडतो आणि एका सौद्याचे दोन सौदे झाल्याने दलाली, कर आणि बाजाराचे शुल्क दुप्पट लागते. २०२३-२४ मध्ये व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्याने या खर्चापायी सरासरी २६ हजार रुपये मोजले आहेत. तीन वर्षांत ही रक्कम ५० हजार कोटींच्या घरात गेली, आणि तीतील निम्म्याहून अधिक दलालांच्या पेढीत पडली. सौदा करणारा हरो वा जिंको, हा टोल त्याला भरावाच लागतो.

आता सर्वांत शहाणपणाचा समजला जाणारा नियम घेऊ. एका सौद्यात आपल्या भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक रक्कम धोक्यात घालू नये, असे प्रत्येक पुस्तक सांगते. नियम उत्तम आहे. परंतु ज्याच्यापाशी एक लाख रुपये आहेत त्याने दोन टक्के म्हणजे दोन हजार रुपयांचाच धोका घ्यावयाचा. निफ्टीचा गठ्ठा ७५ चा असेल तर फ्युचर्समध्ये दोन हजार रुपये म्हणजे सत्तावीस अंश होतात, आणि तेवढा निफ्टी चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी खाली-वर होतो. मुळात लाख रुपयांत त्या फ्युचर्सचे मार्जिनही भरत नाही. म्हणजे छोट्या भांडवलाच्या माणसाला हा नियम पाळावयाचा असेल तर व्यवहारच करता येणार नाही, आणि व्यवहार करावयाचा असेल तर नियम मोडावा लागेल. वर्गात हे त्रैराशिक फळ्यावर मांडले जात नाही.

'स्टॉपलॉस'चेही तसेच. अमुक भावाला सौदा आपोआप बंद व्हावा, अशी तजवीज करणे योग्यच आहे. पण बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि सकाळी सव्वानऊला उघडतो. दरम्यान वॉशिंग्टनमध्ये किंवा सरहद्दीवर काय घडेल ते कोणाच्या हाती नसते. सकाळी बाजार तीनशे अंश खाली उघडला तर मधला भाव कोठे अस्तित्वातच नसतो आणि स्टॉपलॉस कागदावर राहतो. शिवाय स्टॉपलॉस लावणारा हातच तो काढूनही टाकू शकतो. तोटा होऊ लागला की आणखी खरेदी करून सरासरी खाली आणण्याचा मोह हा या बाजारातील सर्वांत जुना शत्रू आहे. चांगल्या कंपनीचा शेअर पडला तर सबुरीने थांबता येते. ऑप्शनला मात्र मुदत असते आणि मुदतीनंतर त्याची किंमत शून्य होते. ज्याचा जीव मुदतीच्या दिवसापर्यंतच आहे, त्याच्याबाबतीत सबुरी हा गुण राहत नाही.

आणखी एक खड्डा पुष्कळांना पडल्यावरच दिसतो. निर्देशांकाचे सौदे रोखीने मिटतात. एकेका कंपनीच्या शेअरांवरचे सौदे मात्र ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच मिटवावे लागतात. पाच हजार रुपयांचे ऑप्शन घेऊन विसरून गेलेल्या माणसाला महिन्याच्या अखेरीस कित्येक लाखांचे शेअर उचलण्याची पाळी येऊ शकते. या व्यवहारांचे उत्पन्न प्राप्तिकराच्या दृष्टीने धंद्याचे उत्पन्न असते, हेही पगारदारांना ठाऊक नसते. तोटा झाला तर दाखवावयाचे काय, असे म्हणून ते गप्प बसतात आणि पुढील वर्षांच्या नफ्यातून तोटा वजा करण्याचा हक्क गमावतात. खडकी-देहू रोडच्या कारखान्यांत आणि संरक्षण खात्याच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या केंद्रीय नोकरांसाठी तर १९६४ च्या वर्तणूक नियमांत शेअरांचा सट्टा करण्यास साफ मनाई आहे. ती वाचलेला मनुष्य आमच्या पाहण्यात क्वचितच आला.

एवढे सगळे असता लोक शिकतात कोठे? पुणे हे शिकवण्यांचे शहर आहे. येथे सतारीपासून सनदी परीक्षेपर्यंत सर्व गोष्टींचे वर्ग निघतात. आता त्यांत याची भर पडली. ज्याला सोन्याची खाण सापडली तो नकाशे छापून विकत बसत नाही, एवढा साधा विचार शुल्क भरताना केला जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने बाजार-शिक्षण देणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरण्यास मनाई केली, म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली चालू सल्ला देण्याची वाट काही प्रमाणात बंद झाली. डिसेंबर २०२५ मध्ये अशाच एका नावाजलेल्या प्रशिक्षण-संस्थेविरुद्ध ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश निघाला. आदेश अंतरिम असल्याने दोषारोपाविषयी आम्ही बोलत नाही. पण शिकवणीच्या धंद्यात इतका पैसा असू शकतो, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

समोर कोण बसला आहे, याचा विचार न करता बुद्धिबळ खेळावयास कोणी बसत नाही. येथे मात्र लाखो लोक बसतात. २०२३-२४ मध्ये व्यक्तींचा तोटा खर्च धरण्यापूर्वीच ६१ हजार कोटींहून अधिक होता; त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी मिळविले. बेरीज वाचकांनी स्वतः करावी. या नफ्यातील शेकडा ९६-९७ भाग संगणकाने आपोआप चालविलेल्या व्यवहारांतून आला. कोथरूडच्या गृहस्थाचे बोट पडद्यावर टेकण्यापूर्वी हे यंत्र सौदा करून मोकळे झालेले असते. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन पेढीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. सकाळी बँकांचे शेअर मोठ्या प्रमाणावर घेऊन निर्देशांक उचलावयाचा, त्याच वेळी ऑप्शन्समध्ये उलट बाजू घ्यावयाची आणि दुपारी शेअर विकून टाकावयाचे, असा सेबीचा आरोप आहे. पेढीने तो नाकारला असून रक्कम भरून अपीलही केले. निर्णय काहीही लागो. पण सकाळी निर्देशांक चढताना पाहून ज्यांनी 'कॉल' घेतले, त्यांना आपण कोणाशी खेळत आहो याची कल्पना होती काय?

नियामकांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०२३ पासून प्रत्येक ॲपमध्ये शिरताना 'दहांपैकी नऊ जणांना तोटा होतो' अशी सूचना दाखविली जाते. नोव्हेंबर २०२४ पासून कराराची किमान किंमत १५ लाख करण्यात आली, निफ्टीचा गठ्ठा २५ वरून ७५ वर गेला, आणि प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकाला साप्ताहिक मुदत ठेवण्यात आली. व्यवहार करणाऱ्यांची संख्या त्यानंतर घटली, हे खरे. पण सूचना जो तो वाचल्यासारखी करून बाजूला सारतो; आणि गठ्ठा तिप्पट केल्याने गरीब बाहेर राहील हे गृहीत अंशतःच खरे ठरले आहे, कारण जो आत राहिला त्याचा प्रत्येक सौदा तेव्हा तिप्पट मोठा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच वायद्यांच्या या व्यवहाराला माणसाच्या जुगारी वृत्तीशी जोडले होते. एकीकडे ही भाषा आणि दुसरीकडे याच व्यवहारांवर कर वाढवून त्याचे उत्पन्न तिजोरीत जमा करावयाचे, अशी सरकारची दुहेरी चाल आहे. दारूबंदीचे प्रचारपत्रक आणि अबकारी खात्याचा हिशेब एकाच टेबलावर ठेवण्याचा हा जुना प्रकार आहे.

आम्ही बंदी मागत नाही. १९६९ ने बंदीचे काय होते ते दाखविले आहे. आजही 'डब्बा' व्यवहार गल्लीबोळांतून चालतो आणि अधिकृत बाजार बंद झाला तर सगळे गिऱ्हाईक तिकडे वळेल. आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. गृहकर्ज देताना बँक पगाराची चिठ्ठी पाहते आणि हप्ता किती झेपेल ते ठरविते. त्याप्रमाणे जाहीर केलेल्या उत्पन्नाच्या ठराविक हिश्श्याहून अधिक तोटा एका वर्षात झाला की त्या व्यक्तीचे हे खाते त्या वर्षापुरते आपोआप बंद व्हावे. सर्व हिशेब संगणकावर असताना हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. दुसरी मागणी याहून साधी आहे. प्रत्येक दलालाने आपल्या ग्राहकाच्या वर्षभराच्या एफ ॲण्ड ओ व्यवहारांचा निव्वळ नफा-तोटा, दलाली व करांसह, एका आकड्यात, मराठीत छापून नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवावा. ई-मेल नको, ती उघडण्याचा अधिकार आणि न उघडण्याची सोय एकट्या ग्राहकापाशी असते. टपालाचे पाकीट दुपारी येते, घरात जे कोणी असेल ते दाराशी जाऊन घेते, आणि संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टेबलावर पडून राहते.